गडाला राणी, वाडीला माती

गडाची एक आख्यायिका घ्यायची, तिच्यात बखरीतली दोन-चार नावे घालायची, वर थोडी जादू शिंपडायची. झाली अद्भुत ऐतिहासिक कादंबरी! आमचा आक्षेप कल्पनेला नाही. ही कल्पना नेमकी कोणाच्या वाट्याला येते, एवढाच आमचा सवाल आहे.

चौक गावातून मान वर केली की इर्शाळगड दिसतो. पलीकडे प्रबळगड आणि कलावंतीणचा सुळका. कोणा राजाने कलावंतीण नावाच्या राणीसाठी तो गड बांधला, असे सांगतात. कलावंतीण म्हणजे नाचगाणे करणारी बाई. तिला राणी केले की तिची जात विचारायची गरज उरत नाही. आणि कातळात त्या पायऱ्या कोणी खोदल्या? त्या हातांना कथेत नावच नाही. होळीला त्या सुळक्यावर जाऊन नाचणारे आदिवासी फार तर फोटोत येतात, कथानकात येत नाहीत.

पुरंदरचे उदाहरण घ्या. 1665 चा तह शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. त्याच गडाच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका किती जणांना ठाऊक आहे? बुरूज टिकेना, म्हणून नाथनाक आणि देवकाई हे महार जोडपे पायात जिवंत गाडले, असे ती सांगते. गडावर यक्ष, पिशाच्च आणि परी आणणाऱ्या लेखकाला हे दोघे का दिसत नाहीत?

"अहो, शेवटी ती गोष्टच आहे," असे उत्तर मिळते. मग गोष्टीत तरी त्यांना बोलू द्या! पुरावा नसताना परी चालते आणि देवकाई चालत नाही, हा कल्पनाशक्तीचा नव्हे, जातीचा नियम आहे.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत इतिहासाचे दुवे तुटले असतील तिथे कल्पनेचा आधार घेण्याचे समर्थन केले. पण आपला सिद्धांत हे अनुमान आहे, हेही त्यांनी लपवले नाही. हाच प्रामाणिकपणा आपल्यालाही लागू होतो. बिदरच्या बादशहाकडून बावन्न हक्क मिळवणारा अमृतनाक आपल्याला प्रिय आहे, पण त्याची कथा लोककथा म्हणूनच सांगावी. ती सनद म्हणून नाचवू नये. आख्यायिकेला इतिहासाचे कपडे चढवण्याचा धंदा आपण दुसऱ्यांवर सोडावा.

आयर्लंडमध्ये 1935 साली सरकारने लोककथा आयोग नेमला. 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकून वह्यांत उतरवल्या आणि सांगणाऱ्याचे नावही लिहिले. तिथला लेखक आज परीकथा लिहितो, तेव्हा त्याच्या मागे ही नावे उभी असतात. आपल्याकडे ठाकरांच्या वाडीतल्या म्हातारीचे नाव कोणत्या वहीत आहे?

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. गडावर जाणारे वर्षानुवर्षे त्या वाडीतून गेले, पण वाडीपर्यंत गाडीरस्ता कधी पोचला नाही. त्या रात्री माणसांबरोबर त्यांना पाठ असलेली गाणी आणि गोष्टीही गाडल्या गेल्या.

म्हणून चौक-कर्जतच्या शिकलेल्या पोरापोरींना सांगणे आहे. वाचलेल्यांकडे जा, विचारा, लिहून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव आधी लिहा. कादंबरी नंतर होईल. नाहीतर उद्या याच दरडीवर कोणीतरी शापित राणीची कथा रचेल आणि आपण टाळ्या वाजवत बसू.

जय भीम!