अॅडम बंधूंची ‘अभिरुची’ आणि तिची किंमत

अठराव्या शतकातील ब्रिटिश वास्तुकलेचा गौरव करताना भांडवली कलेतिहासकार अॅडम घराण्याचे नाव मोठ्या भक्तिभावाने घेतात. पिता विल्यम हा स्कॉटलंडचा अग्रगण्य वास्तुविशारद. पुत्र रॉबर्ट (१७२८-१७९२) आणि जेम्स यांनी रोमन अवशेषांच्या अभ्यासातून आपली नवअभिजात शैली घडविली. छतावरील गिलाव्याच्या नक्षीपासून गालिच्यापर्यंत सारे दालन एका रेखाटनात बांधण्याचे त्यांचे कौशल्य वादातीत आहे. त्या कौशल्याची किंमत कोणी मोजली, याविषयी मात्र हे इतिहासकार मौन पाळतात.

यॉर्कशरमधील हेअरवुड हाउसची दालने रॉबर्टने सजविली. तेथील मालक लॅसेल्स घराण्याची संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारातून आली होती. डर्बीशरमध्ये नथॅनिएल कर्झनच्या केडलस्टन प्रासादाभोवती प्रशस्त उद्यान हवे, म्हणून अख्खे गावच तेथून हलविण्यात आले!

१७६८ साली अॅडम बंधू स्वतःच सट्ट्यात उतरले. लंडनमध्ये थेम्सकाठी त्यांनी घरांची भव्य रांग आरंभिली आणि ‘बंधू’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला ‘अॅडेल्फी’ हे नाव दिले. १७७२ मध्ये बँका कोसळल्या आणि पैसा आटला. तीन हजार कामगारांना काढावे लागणार, ही वार्ता तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथला पत्राने कळविली. बंधूंना तारण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये कायदा करून लॉटरीस अनुमती दिली. बेकार गवंड्यांसाठी कायदा करण्याची बुद्धी त्या पार्लमेंटला झाली नाही. नफा मालकाचा, तोट्याची वाटणी मात्र लोकांत, ही भांडवलशाहीची रीत तेव्हापासूनची आहे.

केडलस्टनच्याच नमुन्यावर वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात कलकत्त्यात गव्हर्नमेंट हाउस उभारले. त्याच कर्झन घराण्यातील लॉर्ड कर्झन १८९९ मध्ये तेथे व्हाइसरॉय म्हणून राहावयास आला आणि १९०५ मध्ये त्याने बंगालची फाळणी केली. जमीनदाराच्या दारातील खांब अशा रीतीने साम्राज्याच्या दारात येऊन उभे राहिले.

या वास्तू जतन झाल्याच पाहिजेत. त्या श्रमिकांच्या हातांनी उभ्या राहिल्या आहेत. परंतु ‘वारसा’ म्हणून त्यांच्यापुढे माना लववावयास सांगणाऱ्यांना आमचा सवाल आहे : भिंतीवरील फलकावर मालकाचे आणि वास्तुविशारदाचे नाव कोरता, तेथे मळ्यातील गुलामाची, उठविलेल्या गावकऱ्याची आणि कामावरून काढलेल्या गवंड्याची नोंद कधी करणार?