टेलर स्विफ्टला स्वतःचाच पहिला अल्बम विकत का घ्यावा लागला?

३० मे २०२५ रोजी टेलर स्विफ्टने चाहत्यांना पत्र लिहून कळवलं की तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंग आता तिच्या मालकीची झाली आहेत. बातम्यांनुसार त्यासाठी तिने सुमारे ३६ कोटी डॉलर मोजले. पण गाणी तिची, आवाज तिचा, मग इतकी वर्षं मालक दुसरंच कोण होतं? याचं उत्तर तिचा पहिला अल्बम कसा तयार झाला, यात सापडतं.

पहिला अल्बम कसा झाला?

टेलर मूळची पेनसिल्व्हेनियाची. तिला गाण्यात पुढे जाता यावं म्हणून कुटुंब टेनेसीतल्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं. कंट्री संगीताची पंढरी असलेलं नॅशव्हिल तिथून जवळच. आरसीए या बड्या कंपनीशी तिचा सुरुवातीचा करार झाला होता, पण अल्बमचा पक्का शब्द मिळेना, म्हणून तिने तो सोडला. त्याच सुमारास, वयाच्या १४व्या वर्षी, सोनी/एटीव्हीने तिला गीतकार म्हणून करारबद्ध केलं.

सकाळी शाळा आणि दुपारनंतर लिझ रोझ या अनुभवी गीतकार महिलेसोबत गाणी लिहिणं, असा तिचा दिनक्रम होता. 'टिम मॅकग्रॉ' हे तिचं पहिलं सिंगल तर गणिताच्या तासाला सुचलेलं. 'अवर साँग' तिने शाळेतल्या कार्यक्रमासाठी लिहिलं होतं.

२००५ मध्ये नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत स्कॉट बोर्शेटा यांनी तिला ऐकलं. ते तेव्हा बिग मशीन ही स्वतःची कंपनी काढायच्या तयारीत होते. टेलरने त्यांच्याशी करार केला. निर्माता म्हणून तिने नेथन चॅपमन यांचाच आग्रह धरला. ते तोवर तिच्या गाण्यांचे डेमो करत होते, पूर्ण अल्बम त्यांनी केलेला नव्हता. २४ ऑक्टोबर २००६ ला अल्बम आला, तेव्हा ती १६ वर्षांची होती. ११ गाण्यांपैकी प्रत्येकाच्या लेखनात तिचा हात होता, तीन तर तिने एकटीने लिहिली होती.

मग मालकी कंपनीकडे कशी?

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. या मूळ रेकॉर्डिंगला 'मास्टर' म्हणतात. चकलीची कृती आजीची असते, पण दुकानातला पुडा कंपनीचा. तसंच हे.

स्टुडिओ, वादक, रेडिओवरचा प्रचार यांचा खर्च कंपनी करते आणि बदल्यात मास्टर स्वतःकडे ठेवते. नवखा कलाकार यावर घासाघीस करू शकत नाही. त्याच्याकडे तेव्हा हातात ना नाव असतं, ना चाहते.

वाद कधी पेटला?

सहा अल्बमनंतर २०१८ मध्ये टेलरने कंपनी बदलली. नव्या करारात पुढच्या अल्बमचे मास्टर तिने स्वतःकडे ठेवले, पण जुने बिग मशीनकडेच राहिले. २०१९ मध्ये स्कूटर ब्रॉन यांच्या कंपनीने बिग मशीन विकत घेतली. मास्टर परत मिळवण्याची रास्त संधीच दिली गेली नाही, असं टेलरचं म्हणणं होतं. बोर्शेटा यांनी ते नाकारलं. २०२० मध्ये हे मास्टर शॅमरॉक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेले.

तिने तोड काय काढली?

पुडा कंपनीचा असला, तरी कृती तिच्याकडे होती. जुनी गाणी ठराविक काळ पुन्हा रेकॉर्ड न करण्याची अट करारात होती. ती मुदत संपताच २०२१ ते २०२३ दरम्यान तिने चार जुने अल्बम नव्याने गाऊन आणले. शिवाय जाहिरातीत किंवा सिनेमात गाणं वापरायचं, तर गीतकाराचीही परवानगी लागते. म्हणजे जुनं रेकॉर्डिंग विकत घेणाऱ्याची कमाई ती अडवू शकत होती. वर्गात बसून स्वतः गाणी लिहिण्याची सवय तिच्या इथे कामी आली.

गंमत म्हणजे, पहिला अल्बमही पूर्ण नव्याने रेकॉर्ड करून ठेवल्याचं तिने त्याच पत्रात सांगितलं. आता मूळ आणि नवा, दोन्ही तिचेच.

आपल्याकडे काय?

भारतातही रेकॉर्डिंगचा पहिला मालक सहसा निर्माताच असतो. पण २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीनुसार, गीतकार आणि संगीतकार आपल्या रॉयल्टीचा वाटा निर्मात्याच्या नावे लिहून देऊ शकत नाहीत. तसं लिहून घेतलं, तरी ते कायद्याने टिकत नाही.

स्वतः लिहून, चाल लावून गाणी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी म्हणूनच पहिल्या करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. मास्टर कोणाचं राहणार? आणि किती वर्षांसाठी? हे प्रश्न त्या वेळी फुकटात विचारता येतात. नंतर तेच महाग पडतात.