‘चांदनी बार’मधील सरकारी खाती

मधुर भांडारकर यांचा ‘चांदनी बार’ २००१ साली प्रदर्शित झाला, तेव्हा मी सेवेत होतो आणि तो पाहण्याची सवड झाली नाही. निवृत्तीनंतर पाहिला, गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. मुंबईतील बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांचा चित्रपट, असे त्याचे वर्णन केले जाते. मला मात्र, नोकरीच्या सवयीमुळे असेल, त्यात वळणावळणावर एकेक सरकारी खाते दिसत राहते.

मुमताज उत्तर प्रदेशातील दंगलीत आईवडील गमावून मामाबरोबर मुंबईस येते. दंगलग्रस्तांचे पुनर्वसन ही कुणाची तरी जबाबदारी असते, ती येथे नाही. ती बारमध्ये नाचू लागते, एका गुंडाशी विवाह करते, बार सोडते. नवरा पोलीस चकमकीत मारला जातो. मुलगा केवळ बापाच्या नावामुळे पकडला जातो आणि सुधारगृहात त्याच्यावर अत्याचार होतात. त्याला सोडविण्याच्या पैशासाठी अखेर मुलगी त्याच मंचावर उभी राहते. मुलांना संरक्षण देणारा नवा बालन्याय कायदा याच वर्षी, १ एप्रिल २००१ रोजी, अमलात आला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आठवल्यावाचून राहत नाही. चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांपैकी एक सामाजिक प्रश्नांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा होता. प्रश्न कोणता, याचे उत्तर शासनाने चार वर्षांनी दिले: नाच.

ऑगस्ट २००५ पासून महाराष्ट्रात बारमधील नृत्यावर बंदी आली. मुंबई पोलीस कायद्यात ‘३३ अ’ आणि ‘३३ ब’ ही कलमे घातली गेली. पहिल्याने साध्या बारमधील नृत्य बंद केले, दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, क्लब आणि जिमखान्यांना त्यातून वगळले. म्हणजे तेच नृत्य गालिच्यावर झाले तर चालणार होते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हा भेदभाव टिकू दिला नाही. ७५ हजारांहून अधिक स्त्रियांचा रोजगार गेल्याचा आणि त्यांतील अनेकींना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागल्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. प्रतिष्ठा जपण्यासाठी केलेल्या कायद्याचा हा हिशेब आहे.

या स्त्रिया महाराष्ट्राच्या तेवढ्या नव्हत्या. बेडिया, नट, कंजर अशा परंपरेने नाचगाणे करणाऱ्या समाजांतील पुष्कळ जणी राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून आल्या होत्या. वसाहतकाळात या समाजांपैकी अनेकांवर ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का बसला, दरबार व जमीनदारी आटली, आणि आश्रयदाता बदलत बदलत बिअर बारच्या मालकापर्यंत आला. बंदीचा निर्णय मुंबईत झाला, मनिऑर्डर थांबली ती चंबळच्या खोऱ्यात. त्या राज्यांशी याविषयी कुणी पत्रव्यवहार केला असेल तर मला तो पाहायला आवडेल.

इतिहासात हे एकदा घडून गेले आहे. मद्रास प्रांतात १९४७ मध्ये देवदासी समर्पणास बंदी झाली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा हेतू निखळ होता, याविषयी मला शंका नाही. परंतु बंगळुरू नागरत्नम्मांसारख्या कलावंत स्त्रियांनी विरोध केला होता, तो फारसा ऐकला गेला नाही. नृत्य ‘भरतनाट्यम’ म्हणून सभागृहात सन्मानाने पोहोचले. ते जपणाऱ्या बहुतेक स्त्रिया बाहेरच राहिल्या. ‘३३ ब’ वाचताना मला तीच जुनी वाट दिसली.

अल्पवयीन मुली आणि मानवी वाहतूक हे प्रश्न खोटे आहेत, असे मी म्हणत नाही. पण त्यांसाठी कायदे होते आणि ते वापरा, असेच न्यायालयाचे म्हणणे होते. उलट, चित्रपटाविषयीही माझी एक तक्रार आहे. त्याला दयेपलीकडे फारसे जाता येत नाही. मेकअपच्या खोलीतील बाकीच्या स्त्रिया, त्यांचे हेवेदावे, कुणाच्या कमाईवर जगणारा नवरा, हा भाग मला मुमताजच्या शोकांतिकेहून अधिक खरा वाटतो. कारण तेथे त्या कमावत्या म्हणून दिसतात. शासनाने मात्र दयाच तेवढी उचलली.

हे लिहिताना स्वतःला वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरुणपणी एका जिल्ह्यात जत्रेतील नाचाचे तंबू उठविण्याच्या आदेशावर मी सही केली होती. सुव्यवस्थेचे कारण तीन ओळींत मांडले होते. त्या बायका त्या रात्री कोठे गेल्या, हे मी विचारले नाही; फाईलमध्ये त्यासाठी रकानाही नव्हता.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक अटी रद्द केल्या. बारमधील सीसीटीव्ही आणि शाळा-मंदिरांपासून एक किलोमीटर अंतर या त्यांतल्याच. पैसे उधळण्यावरील बंदी राहिली. लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात जमा करण्याची अटही राहिली. माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणात नर्तकीच्या हाती पडू शकेल अशी हीच एक गोष्ट आहे. तिची तपासणी पोलिसांकडे न देता कामगार खात्याकडे द्यावी, करार तिच्या भाषेत असावा, आणि वर्षातून एकदा किती खात्यांत खरोखर पैसे जमा झाले तो आकडा विधिमंडळासमोर ठेवावा.