कधींही न उठणारी बैठक

वर्ध्यास २०२३ सालीं साहित्यसंमेलन भरलें; पण मंडप उठला म्हणून संवाद कां तुटावा? फिनलंडांतील यार्को ओइकारिनेन यांनीं १९८८ सालीं निर्मिलेलें ‘इंटरनेट रिले चॅट’ ही न उठणारी बैठकच होय. विकिपीडियाचे कार्यकर्ते ‘लिबेरा’ या जाळ्यावर तिचा उपयोग करितात. प्रवेश सोपा आहे: रोमन लिपींत टोपणनांव घ्यावें, ‘हॅश’ चिन्हानें आरंभ होणारें दालन उघडावें व खुशाल देवनागरींत लिहावें. उत्तर तत्काळ न आल्यास रुसून उठूं नये. उठून गेलेल्यास मागाहून आलेलें उत्तर सहसा दिसत नाहीं. मात्र कोणी अपरिचित तें सारें टिपूनही ठेवीत असेल. म्हणून आमच्या भगिनीबंधूंस एवढेंच सांगणें कीं, ओसरीवर मोकळेपणें बोलावें. माजघरांतील गोष्ट माजघरांतच राहूं द्यावी.