पन्हळ उघडी ठेवा

घर साधे दोन पाख्यांचे असते, तोवर पाऊस सरळ वागतो. आढ्यावर पडलेले पाणी दोन्हीकडे वाटले जाते आणि वळचणीवरून अंगणात उतरते. पुढे मुलाचे लग्न होते, खोली कमी पडते आणि जुन्या घराला काटकोनात नवे छप्पर जोडले जाते. तिथे दोन पाखी आत मिळतात आणि एक खोलगट रेघ तयार होते. मी तिला पन्हळ म्हणतो, शहरातले मिस्त्री व्हॅली म्हणतात. आमच्या भागात कवेलूचे घर गळाले की मी आधी तिथेच पाहतो.

पन्हळीत पाणी किती येते, याचा हिशेब करून बघा. दोन्ही पाख्यांचा शंभर-शंभर चौरस फूट भाग तिच्याकडे उतरत असेल आणि दिवसात ६५ मिमी पाऊस झाला, तर त्या एका रेघेतून सुमारे बाराशे लिटर पाणी वाहते. म्हणजे दोनशे लिटरचे सहा ड्रम. शिवाय पन्हळीचा उतार पाख्यांपेक्षा नेहमी कमी असतो. पाखे २७ अंशांचे असेल, तर काटकोनातली पन्हळ जेमतेम २० अंशांची. सगळ्यात जास्त पाणी सगळ्यात कमी उताराच्या जागी येते.

ही पन्हळ दोन तऱ्हांनी करता येते. एक झाकलेली, म्हणजे दोन्हीकडची कवेलू कापून मधोमध भिडवायची आणि बहुधा वरून सिमेंट लिंपायचे. दुसरी उघडी, म्हणजे खाली रुंद पत्रा घालून कवेलू दोन्हीकडे मागे थांबवायची आणि मधली वाट मोकळी सोडायची. झाकलेली दिसायला चांगली असते, हे खरे. डांबरी शिंगलच्या छपरांवर, आजूबाजूला झाडे नसतील, तर ती नीट चालतेही. पण आपल्याकडे छपरावर साग आहे, मोह आहे.

सागाचे एक पान सुपाएवढे. पानगळीत ती वाळून छपरावर पडतात, वादळात सरकत पन्हळीशी येतात आणि कवेलूंच्या फटीत अडकतात. घुग्गुस, बल्लारपूरकडे त्यावर कोळशाची धूळ आणि राख बसते. मिरगाच्या पहिल्या पाण्यात त्याचा चिखल होतो. पाणी अडते, कवेलूखाली शिरते, छपराचे लाकडी फाटे ओले राहतात आणि मग वाळवी लागते. पानांच्या उबेला उंदीर येतात, उंदरांमागे साप. आमच्या घरी हे सगळे झाले आणि वरून काहीच दिसत नव्हते. धानाच्या ढोलीला बुरशी आली तेव्हा कळले. झाकलेल्या पन्हळीवर माझा राग आहे तो यासाठीच, ती बिघाड लपवते.

वानरांचेही आहेच. उडी मारताना ती अख्ख्या कवेलूंनाही सोडत नाहीत, तर कापलेले त्रिकोणी तुकडे किती टिकणार? सिमेंटचा भरवसा धरू नका. ४५ अंशांच्या उन्हात लाकूड आणि पत्रा हलतात, सिमेंट हलत नाही, तडकते. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल, तर ओले सिमेंट त्यालाही खाते.

म्हणून मिस्त्रीला स्पष्ट सांगा: पन्हळ उघडी हवी. जस्ताचा चांगला जाड पत्रा घ्या, निदान दोन फूट रुंद. मधली वाट वरच्या टोकाला सहा इंच आणि खाली आठ इंच मोकळी सोडा. खाली रुंद असली की वरून आलेले पान मध्ये अडकत नाही, घसरून जाते. वरचा पत्रा खालच्यावर आठ इंच चढलेला हवा, उलटा नाही. मधोमध एकही खिळा नको, जे ठोकायचे ते कडेला. पत्र्याच्या दोन्ही कडा अर्धा इंच वर दुमडून घ्या आणि मध्ये एक उभा कंगोरा पाडून घ्या. एक पाखे मोठे आणि दुसरे लहान असेल, तर मोठ्याचे पाणी जोरात येऊन समोरच्या कवेलूखाली घुसते, ते हा कंगोरा अडवतो. यासाठी लोहाराकडे अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

घर अजून बांधायचेच असेल, तर आधी जुन्या टोल्यांवरच्या घरांवर नजर टाका. राहते घर, गोठा, कोठी, प्रत्येकाचे छप्पर वेगळे आणि मध्ये अंगण. तिथे पन्हळ लागतच नाही. जागा असेल, तर मी आजही तेच सुचवीन.

पन्हळ आधीच झाकलेली असेल, तर कवेलू फेरायला माणसे येतील त्या दिवशी तेवढी पट्टी उघडून घ्या. चैत्रात, पानगळ संपल्यावर. कवेलूवर थेट पाय देऊ नका, फाट्यांवर आडवी फळी टाका, आणि शिडी धरायला खाली एक माणूस उभा राहू द्या.