पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात मॅक्राँ यांची हुर्यो का उडवली गेली?

पॅरिसमध्ये १९६४पासून भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात गायी बघायला, चीज चाखायला शहरी लोक मुलाबाळांसह येतात. राष्ट्राध्यक्षांनी तिथे जाऊन गायीच्या पाठीवर हात फिरवायचा, ही तर जणू प्रथाच.

२४ फेब्रुवारी २०२४ला मात्र इमॅन्युएल मॅक्राँ यांचं स्वागत शिट्ट्यांनी झालं. संतप्त शेतकरी थेट आत घुसून पोलिसांना भिडले. डिझेलवरची करसवलत काढण्याचा प्रस्ताव, पर्यावरणाचे नियम, स्वस्त आयात अशी रागाची कारणं बरीच होती. मूळ दुखणं मात्र आपल्या ओळखीचं: उत्पादनखर्चही न निघणारा भाव.

मॅक्राँ यांनी तिथेच किमान दराचं आश्वासन दिलं. हे हमीभावासारखं वाटेल, पण यात सरकार माल विकत घेणार नव्हतं. खरेदीदार कंपन्यांनी त्याहून कमी भाव द्यायचा नाही, एवढीच कल्पना होती.