शिकवणारा कोण, हाच आक्षेप

वर्णभेदावर गोरा प्राध्यापक बोलला की तो अभ्यास आणि काळा बोलला की तो पक्षपात, ही अमेरिकी विद्यापीठांची जुनी वहिवाट आहे. डेरिक बेल यांचे प्रकरण आपल्या वकील बांधवांनी तरी मुळातून वाचावे.

बेल हे हार्वर्डच्या विधी विद्यालयात १९७१ साली कायमपद मिळालेले पहिले काळे प्राध्यापक. १९८६ साली ते स्टॅनफर्डला पाहुणे प्राध्यापक म्हणून संविधान शिकवीत होते. अमेरिकी संविधानाच्या मुळाशी गुलामगिरी आहे, ही त्यांची मांडणी. काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या शिकवण्याविषयी तक्रार केली. मग विद्यालयाने त्याच विषयावर इतर प्राध्यापकांची जादा व्याख्याने ठेवली आणि त्यामागचा हेतू बेल यांच्यापासूनच लपवला! दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही, हे तत्त्व शिकवणाऱ्या संस्थेतच ही गत. काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने जाहीर निषेध केला तेव्हा कुठे ती व्याख्याने बंद पडली. माफी नंतर आली. गुलामांच्या मालकांनीही जे संविधान घडवले, ते गोऱ्याने शिकवले तर तो तटस्थ कसा, हा प्रश्न तक्रारखोरांना पडला असेल काय?

स्त्रीचा प्रश्न आला की पेच दुहेरी होतो. १९९० साली हार्वर्ड विधी विद्यालयात ६० कायम प्राध्यापक होते. त्यांत काळे तीन, ते सगळे पुरुष. स्त्रिया पाच, त्यांत काळी एकही नाही. म्हणजे काळेही घेतले, स्त्रियाही घेतल्या, काळी स्त्री मात्र दोन्ही हिशेबांतून गळाली. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली कायद्याच्या भाषेत नेमके हेच मांडले होते. बेल निषेध म्हणून बिनपगारी रजेवर गेले. दोन वर्षांची मर्यादा संपताच, १९९२ साली, त्यांची नोकरी गेली.

योग्य उमेदवार मिळत नाही, ही सबब आपल्याला नवी नाही. आपल्याकडच्या राखीव जागांच्या फायलींवर हाच शेरा वर्षानुवर्षे पडत आला आहे. आणि योग्यता सिद्ध झाल्यावर तरी काय? १९१८ साली कोलंबियाचे शिक्षण घेतलेले बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकाऱ्यांचा आक्षेप त्यांनी सामायिक माठातले पाणी पिण्यावर होता.

हार्वर्डला 'योग्य' काळी स्त्री मिळाली ती १९९८ साली, लानी गिनियर यांच्या रूपाने. बेल यांना तेथून जाऊन तोवर सहा वर्षे झाली होती.